चिंचखारच्या पोरांना वर चढवायचं की नाही

आमच्या फुटबॉल संघटनेने मला पेणला पाठवलं, त्याचं कारण माझी हुशारी नव्हे. पेण आणि रोहा या दोन्ही तालुक्यांत माझा एकही नातेवाईक नाही, एवढंच कारण. चिंचखार नावाच्या खाडीकाठच्या गावातली एक तरुण टीम ब गटातून अ गटात चढवायची की नाही, हे ठरवायचं होतं. कोकणातला कुणीही निरीक्षक नेमावा तर तो त्यांच्यापैकी कुणाचा तरी मामा नाहीतर साडू निघत होता. शेवटी सेक्रेटरी वैतागून म्हणाले, "कोल्हापूरचा माणूस पाठवा. त्याला मासे कळत नाहीत, पण फुटबॉल कळतो." मी ते कौतुक समजून बॅग भरली.

काम सोपं होतं. शनिवारी टीमची तयारी बघायची, रविवारी रोह्याजवळ वरसे इथे त्यांचा शेवटचा सामना बघायचा. सामना जिंकले आणि माझं मत चांगलं पडलं तर टीम वर जाणार. यातलं एक जरी चुकलं तरी पुढचं वर्ष पुन्हा ब गटात. खोटं कशाला बोलू, निघतानाच माझं मत बरंचसं ठरलेलं होतं. आमच्या पेठेत पोरं चालायच्या आधी चेंडू लाथाडतात. मिठागरातली पोरं काय फुटबॉल खेळणार, असा माझा तोरा होता.

पेण

पौष महिना, आणि पेणच्या स्टँडबाहेर पाऊल टाकतो तो समोर गणपती. अख्खी गल्लीच गणपतींची. कुणाला हात नाहीत, कुणाची सोंड ओली, कुणी नुसताच पांढराफटक बसलेला. आमच्याकडे गणपती भाद्रपदात येतो आणि दहा दिवसांत जातो. इथे तो बारा महिने ओळीने वाळत बसलेला असतो, हे ऐकून माहीत होतं. पण अजून डोळे न आखलेल्या एवढ्या देवांसमोरून बॅग घेऊन चालायचं म्हणजे जरा चोरट्यासारखंच वाटतं. मी उगाच टोपी काढली.

मला घ्यायला टीमचा गोलकीपर आला होता. नाव मोरू. विशीतला, उंच, आणि कोपरापर्यंत दोन्ही हात पांढरे.

"हात धुतलेत सायब," तो म्हणाला. "पन शाडूची माती हाय. रविवारपर्यंत निघंल."

मोरू एका कारखान्यात साच्यातून मूर्ती काढायचं काम करायचा. गावी निघायच्या आधी त्याला ओल्या मूर्तींवर फडकी टाकायची होती, म्हणून मीही एका पोत्यावर बसलो. मालकाने चहा आणि भाजलेला पोह्याचा पापड पुढे केला. आमच्याकडे पाहुण्याला चहाबरोबर काहीतरी तिखट देतात. हा पापड तोंडात टाकला तर नुसताच कुरकुरला आणि विरघळून गेला. मी आणखी दोन मागून घेतले.

तेवढ्यात मोरू मूर्ती उचलायला लागला. श्वास रोखून दोन्ही हातांनी छातीशी धरायची, चालताना खांदे हलू द्यायचे नाहीत, आणि फळीवर ठेवल्यावर ती डुगडुगत नाही ना, हे बघून मगच हात काढायचे. हात चांगले आहेत पोराचे, असं मी मनात म्हटलं.

दुसऱ्या दिवशी प्रॅक्टिसला कळलं की हा माणूस चेंडूशीही तसाच वागतो. चेंडू झेलायचा अगदी पक्का, सुटणं नाहीच. मग छातीशी धरून दोन पावलं चालायचा, खाली वाकून चेंडू जमिनीवर ठेवायचा, तो स्थिर आहे ना, हे बघायचा आणि मागे सरायचा. तोवर कुणीही येऊन चेंडू उचलून नेला असता.

"अरे, लाथ मार की त्याला," मी ओरडलो.

"मारवत नाय सायब," मोरू ओशाळून म्हणाला. "हातात धरलेल्या वस्तूला लगेच पाय लावायला नको वाटतंय."

चिंचखार

पेणहून टेम्पोने खाडीकडे निघालं की डोंगर मागे राहतात आणि जमीन ताटासारखी सपाट होते. एका बाजूला भाताची खाचरं, दुसऱ्या बाजूला खाडीचं खारं पाणी, आणि दोहोंच्या मध्ये माणसाच्या उंचीचा मातीचा बांध. कापणी होऊन गेली होती, पण झोडणी बाकी होती, त्यामुळे खाचरांत भाताच्या उडव्या रचून ठेवल्या होत्या. बांधापलीकडे मिठागरं, आणि त्यात मिठाचे ढीग. बिनडोंगराची एवढी जमीन बघायची मला सवय नाही. नजर कुठे टेकवावी ते कळेना.

टीमचा कोच कुठे आहे, असं विचारल्यावर सगळ्यांनी एका बाईकडे बोट दाखवलं. हिराआत्या. पन्नाशी ओलांडलेली, लुगडं गुडघ्यापर्यंत खोचलेलं, मिठागरावरच्या टोळीची मुकादम. आवाज असा की तिने हाक मारली तर खाडीपलीकडचा माणूस ओ द्यायचा. मी हे लिहिताना वाढवून सांगत नाही, मी तो ओ स्वतः ऐकला आहे.

"तुम्ही कोच?"

"कोचबिच काय नाय. पोरां कुनाचा ऐकत नव्हती, माझा ऐकतात. म्हनून मी."

फुटबॉलचं तिचं ज्ञान तिच्या पुरतं पक्कं होतं. कॉर्नर म्हणजे पंचाने दया येऊन दिलेली वस्तू, असं तिचं मत. लांबून मारलेल्या गोलाला दोन मोजायला पाहिजेत, ही तिची संघटनेकडे जुनी मागणी. मी तिला नियम समजावून सांगितला. तिने शांतपणे ऐकून घेतला आणि म्हणाली, "मग नियम चुकीचा हाय."

मैदान म्हणजे सोडून दिलेला मिठाचा वाफा. तो किंचित खाडीकडे उतरता होता. प्रॅक्टिस सुरू होऊन घाम येतो न येतो तोच कप्तान जयवंतचा एक फटका बांधावरून उडाला आणि चेंडू पाण्यात पडला. ओहोटी लागलेली. चेंडू हळूहळू डुलत समुद्राच्या दिशेने निघाला. मी धावलो. बाकी कुणी जागचं हलेना.

"पलीकडच्या गावात अडकतो तो," जयवंत म्हणाला. "संध्याकाळच्या भरतीबरोबर देतात सोडून."

"म्हणजे तोवर बसून राहायचं?"

"नाय, दुसरा चेंडू हाय की. तो सकाळीच गेलेला, आता येयाला झाला."

मी कपाळाला हात लावला. मैदान तिरकं, चेंडू भरती-ओहोटीच्या मर्जीवर, निम्मी टीम अनवाणी. सामन्याला बूट सक्तीचे, तर त्याची सोय काय, असं विचारल्यावर बाकीच्यांनी घरी जपून ठेवलेले बूट आणले, आणि दोघांनी अभिमानाने कुणाकडून तरी मागून घेतलेले कंपनीचे सेफ्टी शूज दाखवले. पुढे लोखंडी टोपी असलेले. हे घालून कुणाच्या नडगीला लाथ बसली असती तर सामना थेट दवाखान्यात संपला असता. माझं मत आणखी पक्कं होत चाललं होतं.

आणि मग त्यांची बचावफळी बघितली.

फुटबॉल न बघणाऱ्यांसाठी सांगतो. प्रतिस्पर्धी पुढे चेंडू मारतो त्या क्षणी त्याचा गडी आपल्या बचावफळीच्या मागे पोचलेला असेल, तर तो ऑफसाइड धरला जातो. म्हणून हुशार बचावफळी नेमक्या त्या क्षणी सगळी मिळून पुढे सरकते आणि तो गडी मागे उघडा पडतो. एक जण जरी मागे राहिला तरी सगळं फसतं. आमच्या पेठेत हे शिकवताना दोन मोसम गेले आणि दोन सख्खे भाऊ एकमेकांशी बोलायचे बंद झाले, ते अजून बोलत नाहीत.

इथे हिराआत्याने कडेला उभं राहून नुसतं "दे पाय" म्हटलं आणि चौघं एका दमात पुढे. पुन्हा "दे पाय", पुन्हा चौघं पुढे. इकडेतिकडे बघणं नाही, हात वर करणं नाही. मी चष्मा पुसून पुन्हा बघितलं.

"हे कुणी शिकवलं यांना?"

"शिकवायचा काय त्यात?" आत्याने मलाच वेड्यात काढलं. "वाफ्याचा तळ घट्ट करायला सगळी ओळीनं चिखलात नाचतात. कोन पुढं, कोन मागं झाला तर तळ फुटतो. ही पोरां चालायला लागल्यापासून त्याच ओळीत हायत."

माझा तोरा तिथे थोडा उतरला. पण थोडाच.

दुपारी आत्याच्या घरी जेवायला बसलो. ताटात भाताचा डोंगर, वालाचं बिरडं आणि जिताडा. जिताडा हा इकडचा मानाचा मासा. साहेबाकडून काम करून घ्यायचं असेल तर त्याच्या घरी जिताडा पोचवतात, हे मला बसमध्ये शेजारच्याने सांगितलं होतं. मी हात आखडला.

"आत्या, हे चालायचं नाही. मी निरीक्षक आहे."

"लाच देयाची असती तर अख्खा दिला असता," ती म्हणाली. "ही नुसती शेपटीकडची तुकडी हाय. गुमान जेवा."

जिताड्याला काटे फार कमी, असं सगळे सांगत होते. त्या कमीपैकी एक माझ्या घशात गेला. मग काय विचारता. आत्याने कोरड्या भाताचे मुटके वळून माझ्या तोंडात कोंबायला सुरुवात केली, मोरू पाठीत थापट्या मारतोय, आणि दारात अख्खी टीम चिंताग्रस्त उभी. निरीक्षकच गेला तर मत कोण देणार? चौथ्या मुटक्याला काटा खाली उतरला. कोल्हापुरात मटण खाताना नळी चोखून बाजूला ठेवली की विषय संपतो. मासा खाणं हे पूर्ण वेळेचं काम आहे, दुसरीकडे लक्ष देऊन चालत नाही.

संध्याकाळी माझ्यासाठी पोपटी लावली. मडक्यात भांबुर्ड्याचा पाला घालायचा, त्यात वालाच्या शेंगा, बटाटे, अंडी, मसाला लावलेली कोंबडी रचायची, वरून पुन्हा पाला, मग मडकं उपडं घालून भोवती जाळ करायचा. पाण्याचा थेंब नाही. आत जे तयार होतं त्याच्या वासाने माझ्यासारखा मटणाचा भक्तसुद्धा शेंगा सोलत बसला. पोरं जाळाभोवती टिवल्याबावल्या करत होती. आत्या माझ्याशेजारी येऊन बसली.

"सायब, एक सांगते. होळी झाली की जयवंत कंपनीत लागतोय. आनखी तिघं त्याच्याबरोबर. शिफ्ट असते, रविवार मिळत नाय."

"मग?"

"अ गटात खेळनाऱ्याला कंपनी सामन्याची सुट्टी देते. ब गटाला इचारत नाय. यंदा वर गेली तर टीम राहील. नाय गेली तर मोडली."

मी जाळात एक काटकी सारली. निरीक्षकाने बोलायचं नसतं.

"मला मूलबाळ नाय," ती जाळाकडे बघत म्हणाली. "रविवारी ही सगळी माझ्याकडं जेवतात. आठवडाभर मी त्या रविवारची वाट बघते. टीम मोडली तर मी करू काय, सांगा."

मला गलबलून आलं, ते मी शेंगा सोलण्यात लपवलं.

वरसे

रविवारी टेम्पोत बसून वडखळ, नागोठणं करत निघालो. नागोठण्याला चहाला थांबलो, भिसे खिंडीत टेम्पो तापला म्हणून सगळे उतरून चाललो. वरसे गाव रोह्याला अगदी लागून. नव्या इमारती, कंपनीवाल्यांची घरं, दोऱ्यांवर वाळणारे खाकी कपडे. मैदान सपाट, त्यावर खरोखरचं गवत. चिंचखारच्या पोरांनी गवताला हात लावून बघितलं.

वरसेच्या टीमचा कप्तान नितेश स्वतः पुढे येऊन भेटला आणि मला त्याच्या घरी जेवायला घेऊन गेला. ताटात पुन्हा जिताडा. दोन्ही टीमचा जिताडा खाल्लेला निरीक्षक निःपक्षपातीच म्हणायला पाहिजे, अशी मी मनाची समजूत घातली आणि तुकडीची दोन्ही अंगं तपासून मगच जेवलो.

पंच म्हणजे एक बारकेसे ड्रॉइंगचे मास्तर होते, शिस्तीला कडक. त्यांनी सेफ्टी शूज बघितल्याबरोबर बाहेर काढायला लावले. मग वरसेच्याच दोन राखीव पोरांनी आपले बूट काढून दिले. एकाला मोठे झाले, म्हणून त्यात भाताचा पेंढा कोंबला. तो पोरगा म्हणजे जयवंत.

सामना सुरू झाला आणि वरसेच्या पुढच्या फळीला काय होतंय तेच कळेना. चेंडू पुढे यायचा, कडेवरून "दे पाय" ऐकू यायचं, आणि ऑफसाइडचा झेंडा वर. पुन्हा चेंडू, पुन्हा झेंडा. नितेश कमरेवर हात ठेवून बचावफळीकडे बघत राहिला. पंचांनी खेळ थांबवला आणि ते हिराआत्याकडे आले.

"बाई, मैदानाबाहेरून सूचना द्यायच्या नाहीत."

"मी कुटं सूचना देते? मी माझ्या भाचीला हाक मारते."

"भाचीचं नाव 'दे पाय' आहे?"

"लाडाचं नाव हाय," आत्या म्हणाली.

पंचांनी ताकीद दिली. आत्या पुढचा सगळा वेळ तेवढ्याच आवाजात खोकत राहिली आणि पोरं त्या खोकल्यावर पुढे सरकत राहिली.

मध्यंतरानंतर चिंचखारला कॉर्नर मिळाला. आत्याने पंचांना हात जोडले. जयवंत गोलासमोर उभा होता, पण त्याच वेळी त्याच्या बुटातला पेंढा बाहेर यायला लागला म्हणून तो वाकला. चेंडू आला, त्याच्या पाठीवर आपटला आणि गोलकीपरच्या डोक्यावरून जाळ्यात. जयवंत वर बघतो तर सगळी टीम त्याच्या अंगावर. गोल कुणी मारला, हे त्याला शेवटी विचारून घ्यावं लागलं.

आता फक्त टिकायचं होतं. थोडाच वेळ उरला होता. आणि खोटं कशाला बोलू, मीसुद्धा मनातून चिंचखारचा झालो होतो. आत्या पदराचं टोक दातात धरून उभी होती, खोकायचंही विसरली होती.

तेवढ्यात मैदानाशेजारच्या दुकानातला माणूस धावत आला. त्या काळी गावोगावी फोन म्हणजे दुकानातलाच. तो थेट आत्याकडे गेला.

"चिंचखारहून फोन हाय. दुपारच्या उधानाला खांड गेली."

खांड जाणं म्हणजे बांधाला भगदाड पडणं. पौर्णिमेचं उधाण, भरतीचं पाणी सगळ्यात वर चढलेलं, आणि एखाद्या खेकड्याच्या बिळातून वाट मिळाली की बांध फुटतो. खारं पाणी आत शिरतं. उडव्यांतलं भात जातंच, पण जमीनही खारावते, मग दोन-तीन वर्षं काही पिकत नाही. गावाचा नियम एकच: खांड गेली की घरटी एक माणूस बांधावर. टीममधली पोरं अकरा घरांतली होती. घरी म्हातारे बाप, थोरले भाऊ मुंबईला. पुढची भरती यायच्या आत भगदाड बुजवायला हवं होतं.

मैदानावर बातमी पोचायला वेळ लागला नाही. जयवंतच्या पायात चेंडू होता. तो थांबला आणि आत्याकडे बघायला लागला. सगळीच बघायला लागली. निघालं तर बांध, थांबलं तर अ गट. आत्याने पदर तोंडातून काढला. एवढ्या मोठ्या आवाजाची बाई, पण त्या वेळी तिचा आवाज मला जेमतेम ऐकू आला.

"काय बघता? चला."

टीम टेम्पोकडे धावली. मोरूकडे जयवंतने जाता जाता चेंडू टाकला होता. तो तशा घाईतही वाकला, चेंडू गवतावर ठेवला, स्थिर आहे ना ते बघितलं आणि मगच पळाला.

मैदानावर उरली वरसेची टीम, रिकामा गोल आणि त्याच्यासमोर ठेवलेला चेंडू. त्यांचा एक पोरगा चेंडूपाशी आला आणि पंचांना विचारू लागला, "सर, मारू का?"

पंचांनी नियम आठवून बघितला. नियमात असं काही नव्हतं.

"हात लावू नको त्याला," नितेश लांबून ओरडला. "माझ्या मामाचं गाव हाय ते. हा गोल घेतला तर आई घरात घेनार नाय." मग तो पंचांकडे वळला. "आमाला फुकटचा विजय नको. आमी पन चाललो बांधावर."

पंचांनी शिट्टी वाजवली, सामना अपूर्ण राहिल्याचं जाहीर केलं आणि ते स्वतःच टेम्पोमागे धावत सुटले. त्यांची बॅग त्या टेम्पोतच होती.

बांधावर

पोचलो तेव्हा दिवस मावळत होता आणि ओहोटी पुरी झाली होती. बांधात बैलगाडी जाईल एवढी वाट पडली होती. गावातले म्हातारे आणि बायका आधीच कामाला लागल्या होत्या. पोरं जर्सीतच उतरली. खुंट रोवले, पेंढा कोंबला, मग चिखलाचे गोळे हातोहात. वरसेची पोरं त्यांच्या मध्ये मध्ये उभी राहिली.

मी कडेला उभा राहून बघणार होतो, पण निरीक्षकाला कुणी निरीक्षण करू देईना. एका म्हाताऱ्याने "सायब, सरका नायतर धरा" म्हणत चिखलाचा गोळा माझ्या पोटावर दिला. दोन पावलं गेलो आणि गुडघ्यापर्यंत रुतलो. दोघांनी ओढून काढलं, पण डावा बूट आतच राहिला. तो अजून त्या बांधात आहे.

भगदाड भरल्यावर वरून चिखल तुडवून घट्ट करायचा होता. सगळे ओळीने उभे राहिले, आणि तेव्हा कळलं की आत्याचा आवाज पार बसलाय. सामनाभर खोकल्याचा परिणाम. "दे पाय" म्हणायला तोंड उघडलं तर नुसती हवा. ओळ वेडीवाकडी पडायला लागली. आत्याने इकडेतिकडे बघितलं आणि पंचांच्या गळ्यातल्या शिट्टीकडे बोट केलं.

ड्रॉइंगचे मास्तर आधी संकोचले. मग बांधावर उभे राहून आत्या हाताने खूण करील तशी ते शिट्टी मारू लागले. एक शिट्टी, एक पाऊल. चिंचखार, वरसे, म्हातारे, बायका, सगळी ओळ एकदम पुढे. मास्तरांना नंतर एवढा जोर चढला की एक पोरगा मागे राहिला तर त्यांनी त्याला पिवळं कार्ड दाखवलं.

पाणी चढायला लागलं तेव्हा बांध उभा होता. एका बाईने सगळ्यांना चहा दिला. मी एका बुटावर बांधावर बसलो. आत्या शेजारी येऊन टेकली. बसक्या आवाजात तिने विचारलं, "सायब, खरा सांगा. पोरां वर जायला तयार हायत का?"

मला खोटं सांगता आलं असतं. समोर पोरं चिखलाने माखलेली, चहा पीत नितेशची थट्टा करत होती. पण या बाईने आपल्या तोंडाने त्यांना मैदानातून काढून नेलं होतं. तिला गोड बोलणं मला बरं वाटेना.

"खेळाला तयार आहेत," मी म्हटलं. "पण वर घेता येणार नाही, आत्या. तिथे सामना सोडून गेलं की टीम बाद. आणि उद्या पुन्हा खांड गेली तर ही पुन्हा जाणारच."

"जानारच," ती म्हणाली.

"मग सांगा, मी काय करू?"

तिने चहा संपवला, कप उपडा केला.

"खांड जाते उधानाला, पुनवेला नायतर अवसेला. अष्टमीला भांग असतो, पानी वर चढतच नाय. भांगाला कवा बांध गेला नाय." मग माझ्याकडे वळून, अगदी सरळ, "वरच्या गटाला सांगा, आमचे सामने अष्टमीला ठेवा. महिन्यातनं दोन अष्टम्या येतात, तेवढे सामने बास हायत."

मला हसू आलं. बाकी कुणीच हसलं नाही. जयवंत, मोरू, नितेश, अगदी शिट्टी पुसणारे मास्तरसुद्धा माझ्याकडे उत्तराची वाट बघत होते.

बैठक

पुढच्या आठवड्यात संघटनेची बैठक झाली. नव्या बुटात पाय चावत होता आणि समोर सात जण बसले होते. सामना अपूर्ण, म्हणजे हारही नाही आणि जीतही नाही, त्यामुळे सगळं माझ्या मतावर येऊन ठेपलं होतं. मी जिताड्याच्या काट्यासकट सगळं सांगितलं आणि शेवटी म्हटलं, "वर घ्या. फक्त त्यांचे सामने अष्टमीला ठेवा."

एकच हशा पिकला. एक जण म्हणाले, "जिंकत आलेला सामना सोडून गेलेली टीम वर घ्यायची?" दुसरे म्हणाले, "उद्या कुणी म्हणेल, एकादशीला उपास असतो, सामना नको. परवा कुणी म्हणेल, आमच्याकडे संकष्टी कडक असते." तिसऱ्यांनी विचारलं, मला तिकडे नेमकं काय खायला घातलं. मी तोंड उघडून भांडायला लागलो. कोल्हापुरात बैठका जशा होतात, तशी ही बैठक व्हायला लागली.

सेक्रेटरी मात्र एकटे हसले नव्हते. ते श्रीवर्धनकडच्या एका खाडीकाठच्या गावातले, हे मला तोवर ठाऊक नव्हतं. आम्ही भांडत असताना ते उठले, भिंतीवरचं कॅलेंडर खिळ्यावरून काढलं आणि टेबलावर माझ्यासमोर आणून ठेवलं. मग खिशातून पेन काढून चष्मा नाकावर सरकवला आणि विचारलं, "पहिला सामना शुद्ध अष्टमीला धरू, की वद्य?"